हेर्त्सोमध्ये नव्याने राहायला येताय? मग आधी हे वाचा

हेर्ट्सोगेनआउराख. पहिल्या दिवशी हे नाव तोंडातून नीट निघणार नाही, काळजी करू नका, इथले लोकही नुसतं हेर्त्सो म्हणतात. जर्मनीतल्या बायर्न म्हणजे बव्हेरिया राज्याच्या उत्तरेला फ्रांकेन नावाचा भाग आहे तिथलं हे साधारण चोवीस-पंचवीस हजार वस्तीचं गाव, एर्लांगेनपासून दहा-बारा किलोमीटर आणि न्यूर्नबर्गपासून पंचवीसेक. आदिदास, पुमा आणि बेअरिंगवाली शेफलर, तिन्ही कंपन्यांची मुख्यालयं एवढ्याशा गावात आहेत त्यामुळे आपली मंडळी इथे येतच असतात. आम्ही पण तसेच आलो. शेफलरचा कारखाना आमच्या तळेगावात आहे, नवरा तिथून इकडे आला आणि मागोमाग मी आणि लेक. आता सहा वर्षं झाली. दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी फोन करतं, ताई आम्ही येतोय काय काय करायचं सांगा ना, म्हणून म्हटलं एकदा सगळं सविस्तर लिहूनच टाकते.

सगळ्यात आधी एक सांगते, ते मनापासून सांगते. बरेच जण घर एर्लांगेनला किंवा न्यूर्नबर्गला घेतात आणि हेर्त्सोला फक्त ऑफिसपुरते येतात. त्यांची कारणं असतात, मान्य. पण जमत असेल तर गावातच राहा. हे गाव ऑफिसच्या पार्किंगमधून कळत नाही.

आधी गावाची गोष्ट, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही

गावाचा पहिला लेखी उल्लेख १००२ सालचा. आउराख ही छोटीशी नदी गावातून जाते, आपल्याकडच्या मोठ्या ओढ्याएवढीच. तिच्या काठी तीन गावं आहेत आणि तिघांच्या नावात आउराख आहे: म्युन्शआउराख म्हणजे साधूंचं, फ्राउएनआउराख म्हणजे बायकांचं कारण तिथे जोगिणींचा मठ होता, आणि आपलं हेर्ट्सोगेनआउराख म्हणजे ड्यूकचं, सरदाराचं. एवढं लक्षात ठेवलं की नाव पाठ होतं, मला तरी तसंच झालं. पुढे कित्येक शतकं गाव बाम्बेर्गच्या बिशपच्या ताब्यात होतं, १८०३ पर्यंत. त्यामुळे इथे कॅथलिक लोक जास्त आणि शेजारचं एर्लांगेन मात्र प्रोटेस्टंट. तुम्ही म्हणाल आम्हाला काय त्याचं, पण सुट्ट्यांच्या वेळी फरक पडतो, खाली सांगते.

आता बुटांची गोष्ट. इथे आधी कापड विणणारे होते, तो धंदा बसला तसे लोक घरात घालायच्या सपाता बनवायला लागले, गावभर चांभारकाम. त्यातल्याच एका घरात रुडोल्फ डास्लर १८९८ साली आणि आडोल्फ, म्हणजे आडी, १९०० साली जन्मला. वडील बुटांच्या कारखान्यात, आई घरी लोकांचे कपडे धुवायची. पहिल्या महायुद्धानंतर आडीने आईच्या त्या धुण्याच्या खोलीत बूट बनवायला सुरुवात केली. १९२४ मध्ये दोघा भावांनी मिळून कंपनी काढली. १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये लिना राड्केने ८०० मीटरचं सुवर्णपदक घेतलं ते यांचे बूट घालून, १९३६ ला बर्लिनमध्ये जेसी ओवेन्सच्या पायात पण यांचेच बूट होते. दोघे भाऊ १९३३ मध्ये नाझी पक्षात गेले होते हे पण खरंय, ते लपवण्यासारखं नाही. युद्ध संपलं आणि भावाभावात जे बिनसलं ते कायमचंच. नेमकं कशावरून, याचे गावात चार माणसांकडे पाच किस्से आहेत, तुम्ही फक्त ऐका, कुठलाच पुढे सांगू नका. १९४८ मध्ये वाटण्या झाल्या. कामगारांनी पण बाजू निवडली. रुडोल्फची पुमा, आणि ऑगस्ट १९४९ मध्ये आडीने नोंदवली ती आदिदास, आडी आणि डास्लर जोडून.

मग गावाचे दोन भाग झाले, खरंच झाले. पुमावाल्यांचं दुकान वेगळं, आदिदासवाल्यांचा गुत्ता वेगळा, फुटबॉलचे क्लबपण दोन, आ.एस.फाउ. एकीकडे आणि एफ.त्से. हेर्ट्सोगेनआउराख दुसरीकडे. लोथार माथेउस, १९९० चा वर्ल्ड कप जिंकणारा जर्मन कॅप्टन, लहानपणी या एफ.त्से. मध्ये खेळला, त्याचे बाबा पुमामध्ये कामाला होते. कुणी भेटलं की आधी पायाकडे बघायचं, बूट कुठल्या कंपनीचे, आणि मग ठरवायचं बोलायचं की नाही, म्हणून याला मान खाली घालून चालणाऱ्यांचं गाव म्हणायचे. दोघे भाऊ गेले, रुडोल्फ १९७४ ला, आडी १९७८ ला, आणि दोघांच्या कबरी एकाच कब्रस्तानात आहेत पण अगदी दोन टोकांना. मी एकदा नोव्हेंबरात गेले होते, ओल्या पानांवरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चालत, आणि सारखं आपल्या गावातली ती घरं आठवत होती जिथे अंगणाच्या मधोमध भिंत घातलेली असते आणि दोन्हीकडच्या म्हाताऱ्या एकमेकींचं नाव काढत नाहीत. आपल्या लोकांना हे समजावून सांगायला लागत नाही. २००९ च्या सप्टेंबरात दोन्ही कंपन्यांच्या लोकांनी एकत्र फुटबॉल खेळून हात मिळवले. आता तरुण पोरांना कशाचं काही नाही, पण माझ्या शेजारच्या आजी अजून बूट बघतात. मी पहिल्यांदा भेटले तेव्हा माझ्या पायात बाटाचे होते, तळेगावहून आणलेले. आजींनी खाली बघितलं, वर बघितलं, परत खाली बघितलं आणि म्हणाल्या हे कुठले? तिथून ओळख सुरू झाली.

तर पहिल्या आठवड्यात एवढं करा: गावातल्या म्युझियममध्ये जा, तिथे ही सगळी बुटांची कहाणी बघायला मिळते, आणि जुन्या गावात ते दोन उंच बुरूज आहेत ना, फेनटुर्म आणि ट्युर्मर्सटुर्म, त्यांच्यामधून हाउप्टश्ट्रासेने सावकाश चालत जा. पंधरा मिनिटांत गाव संपतं. मग कळतं आपण कुठे आलोय.

आल्या आल्या कागदं

घरात राहायला आलात की दोन आठवड्यांच्या आत आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी. ती गावातच, नगरपालिकेत, म्हणजे रातहाउसमध्ये होते. पासपोर्ट, लग्नाचा दाखला, पोरांचे जन्मदाखले आणि सगळ्यात महत्त्वाचा घरमालकाच्या सहीचा कागद, वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग, हा शब्द पाठ करू नका, कागदावर लिहून दाखवा. भाडेकरार नेला तरी हा कागद वेगळा लागतोच. आमच्या पहिल्या घरमालकाने तो द्यायला तीन आठवडे लावले, आणि तोपर्यंत बँक नाही, टॅक्स नंबर नाही, काहीच नाही, सगळं अडकून पडलं. म्हणून किल्ली हातात घेतानाच सही मागून घ्या. लाजू नका.

नोंदणी झाली की टॅक्सचा नंबर आपोआप पोस्टाने येतो. पोस्टावरून सांगते, लेटरबॉक्सवर आणि बेलवर तुमचं आडनाव आधी लावा, साध्या कागदावर लिहून चिकटवलं तरी चालेल, नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. फ्लॅट नंबर असला काही प्रकार इथे नाही, सगळं आडनावावर. रेडिओ-टीव्हीच्या फीचं पत्र पण येईल, महिन्याला १८.३६ युरो, घरात टीव्ही नसला तरी भरायची, दर घरामागे एक. ते फसवणुकीचं पत्र नाहीये, फेकून देऊ नका, आमच्या ओळखीत एकांनी फेकलं आणि मग दंडासकट भरलं.

व्हिसा, ब्लू कार्ड (नोकरीवर राहायचा परवाना) वगैरेसाठी मात्र गावात नाही. हेर्त्सो हे एर्लांगेन-ह्योखश्टाट जिल्ह्यात येतं, आणि जिल्ह्याचं ऑफिस म्हणजे लांडराट्सआम्ट एर्लांगेन शहरात आहे. इथे हमखास घोटाळा होतो, कारण एर्लांगेन शहराचं स्वतःचं परदेशी लोकांसाठीचं ऑफिस वेगळं आहे. तुम्ही शहरात राहत नाही, जिल्ह्यात राहता. अपॉइंटमेंट घेताना तुम्ही कुठल्या ऑफिसची घेताय ते दोनदा बघा, नाहीतर दोन महिने वाट बघून चुकीच्या दारात उभे राहाल. आणि व्हिसा संपायच्या खूप आधीपासून मागे लागा, अपॉइंटमेंट लगेच मिळत नाही.

भारतातलं ड्रायव्हिंग लायसन्स इथे राहायला आल्यापासून सहा महिने चालतं, मग लेखी आणि गाडीची दोन्ही परीक्षा द्यायच्या. लवकर सुरू करा, स्वस्त प्रकरण नाही.

घर

गाव लहान, नोकरीला येणारे खूप, त्यामुळे घरं कमी. जाहिरातीत काल्टमीटं लिहिलेलं असतं ते नुसतं भाडं, वार्ममीटं म्हणजे हीटिंग, पाणी वगैरे धरून, वीज बहुतेक त्यातही नसते. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटंइतकंच घेता येतं, कायदाच आहे. आणि स्वयंपाकघर आहे का ते विचाराच! इथे रिकाम्या घरात कधी कधी ओटा, सिंक, काहीच नसतं, नुसत्या भिंती आणि पाण्याचा पाइप, आधीचा भाडेकरू सगळं काढून घेऊन जातो.

घर बघायला गेलात की मालक स्वयंपाकाबद्दल विचारतात, म्हणजे वासाबद्दल. खरं सांगा आणि सोबत हेही सांगा की आम्ही रोज खिडक्या उघडतो. मग रोज उघडा पण. दिवसातून दोन-तीन वेळा पाच-दहा मिनिटं सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या, बाहेर बर्फ असला तरी, नाहीतर भिंतीला बुरशी येते आणि घर सोडताना डिपॉझिटमधून कापतात. आपण काय करतो थंडी म्हणून सगळं गच्च बंद आणि आत कुकरच्या चार शिट्ट्या, वाफ जाणार कुठे?

गावाच्या उत्तरेला टेकाडावर हेर्त्सो बेस म्हणून भाग आहे, तिथे आधी विमानतळ होता, युद्धानंतर अमेरिकन सैन्य, ते १९९२ ला गेलं, आता तिथे आदिदासचा मोठा कॅम्पस आणि नवीन घरं आहेत. मोकळं आहे, पोरांना बरं, पण जुन्या गावात खाली यायला चढ-उतार आहे, सायकल असेल तर आधी एकदा चढून बघा.

जायचं-यायचं कसं

गावाला रेल्वे नाहीये. आधी होती, एर्लांगेनकडून यायची, पण १९८४ ला प्रवासी गाडी बंद झाली. एवढ्या मोठ्या कंपन्या आणि रेल्वे नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. न्यूर्नबर्गहून एर्लांगेनमार्गे इथपर्यंत ट्रॅम आणायचं ठरतंय, २०२४ मध्ये एर्लांगेनच्या लोकांनी मतदान करून होकारही दिला, पण ती यायला अजून कितीतरी वर्षं. तोपर्यंत बस. गावातला मुख्य बसथांबा आन डेर श्युट्ट नावाचा, तिथून एर्लांगेनला सारख्या बस असतात, एर्लांगेनहून ट्रेन घेतली की न्यूर्नबर्ग. संध्याकाळनंतर आणि रविवारी बस कमी होतात, शेवटची बस कितीला ते निघतानाच बघून ठेवा. महिन्याचा डॉइचलांड-टिकट पास काढा, देशभरच्या बस, ट्रॅम आणि साध्या ट्रेन त्यात चालतात, बऱ्याच कंपन्या त्यात सूटही देतात, एचआरला विचारा.

बोलायचं कसं

ऑफिसात इंग्रजी चालतं आणि त्यामुळेच लोक जर्मन शिकत नाहीत आणि मग दोन वर्षांनी पोराच्या शाळेतल्या मीटिंगला गप्प बसतात. गावातच फोल्क्सहोखशूलं आहे, सरकारी पद्धतीचे स्वस्त वर्ग, पहिल्याच सत्राला नाव घाला.

पण वर्गात शिकवतात ती जर्मन आणि बेकरीतली जर्मन यात फरक आहे. मी पहिल्या शनिवारी बेकरीत जाऊन घोकलेलं वाक्य म्हटलं, दोन ब्र्योट्शन द्या, काउंटरवरच्या बाईंनी हसून विचारलं, झ्वा वेग्ग्ला? मला वाटलं दुसरंच काहीतरी देतायत, मी नको नको म्हणून मान हलवली आणि रिकाम्या हाताने घरी आले. वेग्ग्ला म्हणजेच तो छोटा पाव. फ्रांकेनमध्ये सगळ्या गोष्टींना शेवटी ला लावून लाडाने छोटं करतात, आपल्या बाळ्या-सोन्यासारखं. आणि कडक अक्षरं मऊ करतात, प चा ब, ट चा ड. तुम्ही एकदा कान दिलात की गोड वाटायला लागतं.

भेटल्यावर ग्र्यूस गॉट म्हणजे नमस्कार, ओळखीच्यांना सेर्वुस, निघताना आडे. जिन्यात, बसथांब्यावर, डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये शिरताना, सगळीकडे म्हणायचं, अनोळखी असले तरी. न म्हणता गेलात तर माणूस घमेंडखोर आहे असंच धरतात. आणि कौतुकाची अपेक्षा ठेवू नका, इथलं सगळ्यात मोठं कौतुक म्हणजे बास्त शो, चाललंय की, ठीक आहे. माझ्या बॉसने पहिल्या वर्षी एवढंच म्हटलं आणि मी घरी येऊन रडले. मग शेजारच्या आजींनी सांगितलं अगं, याच्यावर काही नसतंच.

रविवार, कचरा, सुट्ट्या

बायर्नमध्ये दुकानं रात्री आठला बंद म्हणजे बंद. रविवारी सगळंच बंद, बेकरी सकाळी थोडा वेळ उघडी असते तेवढंच. शनिवारी दूध-भाजी भरून ठेवा. रविवारी ड्रिल, व्हॅक्यूम, काचेच्या बाटल्या कंटेनरमध्ये टाकणं, यातलं काही नको, आवाज होतो. रात्री दहानंतरही तसंच. भाडेकरारात बर्फ काढायची जबाबदारी तुमची आहे का ते पण बघा, असेल तर तुमच्या पाळीच्या आठवड्यात सकाळी लवकर उठून फुटपाथ साफ करावा लागतो.

कचरा वेगळा करायचा, ओला, कागद, पॅकिंगचं, उरलेला, कुठल्या दिवशी कुठला न्यायला येतात त्याचं कॅलेंडर मिळतं ते फ्रिजवर लावा. प्लास्टिकच्या बाटल्या आणि कॅन फेकू नका, बहुतेकांचे २५ सेंट परत मिळतात, बियरच्या काचेच्या बाटलीचे ८, सुपरमार्केटच्या मशीनमध्ये टाकायच्या. हे काम लेकीकडे दिलंय, पैसे तिचे.

आणि ती सुट्टीची गोष्ट. १५ ऑगस्टला मारिया हिमेलफार्ट, म्हणजे मेरी माता स्वर्गात गेली तो सण, असते, बायर्नमध्ये जिथे कॅथलिक लोक जास्त तिथेच ती सुट्टी. हेर्त्सोला सुट्टी, एर्लांगेनला नाही! दहा किलोमीटरवर. आणि तुम्ही राहता कुठे यावर नाही, ऑफिस कुठे यावर ठरतं, म्हणजे राहायला एर्लांगेनला आणि नोकरी हेर्त्सोत असेल तर सुट्टी, उलटं असेल तर कामावर जा. आम्हाला तर आपला स्वातंत्र्यदिनच मिळतो. सकाळी ऑनलाइन झेंडावंदन बघायचं, श्रीखंड-पुरी करायची, आणि बाहेर चर्चच्या घंटा वाजत असतात.

खाणं-पिणं आणि माणसं

भारतीय किराणा एर्लांगेन किंवा न्यूर्नबर्गला मिळतो, सीमेन्समुळे एर्लांगेनला आपले लोक भरपूर आहेत, गणपती-दिवाळीला तिकडे जमायचं. पण इथलं खाणं पण खाऊन बघा. मांसाहारी असाल तर शॉयफेले, डुकराच्या खांद्याचा तुकडा, वरची कातडी कुरकुरीत पापडासारखी. मासे खात असाल तर कार्प, शेजारच्या आयशग्रुंडमध्ये तळीच तळी आहेत, आणि तो ज्या महिन्याच्या नावात र आहे त्याच महिन्यात खायचा, म्हणजे सप्टेंबर ते एप्रिल. अख्खा अर्धा मासा तळून ताटाबाहेर येईल असा आणून ठेवतात, काटे सांभाळा, कोकणातल्यांना सांगायला नकोच. शाकाहारी असाल तर क्लोस, बटाट्याचा मोठा गोळा, मागवताना सावध राहा, त्याच्यावरची ती छान ब्राउन सॉस मांसाचीच असते. केझश्पेट्सले म्हणा, चीज आणि तळलेला कांदा, पोट भरतं.

उन्हाळ्यात लोक केलरवर जातात. केलर म्हणजे तळघर, पण इथे केलर'मध्ये' नाही, केलर'वर' जातात, कारण जुन्या काळी टेकडीच्या पोटात बियर थंड ठेवायचे आणि वर झाडांखाली बसून प्यायचे. बियर घेत नसाल तरी जा. बियर गार्डनला पेय तिथलं घ्यायचं आणि खायला घरचं नेलं तर चालतं, ही बायर्नची जुनी रीत आहे, मी थालीपीठ आणि लोणी नेते. लाकडी बाकावर अनोळखी माणसं शेजारी बसतात, बसू द्या, गावातल्या निम्म्या ओळखी मला तिथे झाल्या. तशीच केर्वा, चर्चच्या नावाने भरणारी जत्रा, गावची पोरं मोठं झाड सोलून, सजवून उभं करतात, पाळणे, खाऊ, बँड, अगदी आपली जत्राच.

आणि कुठल्यातरी फेराइनमध्ये शिरा. म्हणजे मंडळ, क्लब. फुटबॉल, जिम्नॅस्टिक, गाणं, बाग, अगदी आग विझवणारे सुद्धा इथे गावातले स्वयंसेवकच असतात. नवऱ्याने पहिली दोन वर्षं वेळ नाही वेळ नाही केलं, मग लेकीला फुटबॉलला घातलं तेव्हा तो पण मैदानावर उभा राहायला लागला, आता शनिवारी तिथे केक विकायला मी पण असते. लेकीला बूट घ्यायचे होते तेव्हा कुठल्या कंपनीचे घ्यावे म्हणून मी आजींना विचारलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, जे पायाला बसतील ते घे, पण मला येऊन सांग कुठले घेतलेस.

दुखलं-खुपलं तर ११२ ही ॲम्ब्युलन्स आणि आग, ११० पोलीस, आणि रात्री-सुट्टीला तातडीचं नाही पण डॉक्टर हवाय असं असेल तर ११६११७. हा तिसरा नंबर नव्या लोकांना माहीतच नसतो, आत्ताच मोबाइलमध्ये सेव्ह करा.

पहिल्या रविवारी सगळं बंद असेल आणि घरी बसून करमणार नाही, तेव्हा नदीच्या कडेने पश्चिमेला म्युन्शआउराखकडे चालत किंवा सायकलवर जा, चार-पाच किलोमीटर आहे, तिथे साधूंच्या मठाचं आठ-नऊशे वर्षांचं जुनं चर्च आहे. पाण्याची बाटली घरून भरून घ्या, वाटेत दुकान उघडं नसेल.